‘शीळ’ नेमकी कोणत्या पट्टीत? जी. एन. जोशी आणि ७८ची तबकडी

जी. एन. जोशी ‘शीळ’ कोणत्या पट्टीत गायले? प्रश्न अगदी साधा वाटतो. गाणं लावायचं, पेटी पुढ्यात घ्यायची, षड्ज जुळवायचा, झालं. पण तबकडीच्या जमान्यातल्या कुठल्याही गाण्याच्या इंटरनेटवरच्या प्रतीवर हे करून बघा. बऱ्याचदा षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळतो. काळी एक म्हणावी तर चढा, पांढरी दोन म्हणावी तर उतरता. त्याच गाण्याची दुसऱ्या कुणी चढवलेली प्रत लावली तर उत्तर आणखी तिसरंच येऊ शकतं. मग खरी पट्टी कोणती, आणि ती आज शोधून काढता येते का? या एका प्रश्नाचा धागा धरला की गायक, त्याची चाल, तबकडी आणि आपल्या घरातला पोटमाळा, सगळंच ओढलं जातं. म्हणून हा लेख.

आधी माणूस. जी. एन. जोशी (१९०९–१९९४), विदर्भातले, शिक्षणानं वकील. मराठीतले पहिले भावगीतगायक म्हणून त्यांचं नाव घेतात. ‘पहिला’ या शब्दाची मला जरा धास्तीच वाटते. पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवी स्वतःच्या कविता चालीवर म्हणत होतेच, आणि जे. एल. रानड्यांच्या तबकड्याही त्याच काळातल्या. म्हणजे कविता गाऊन दाखवायची कल्पना हवेत होती. जोशींचं वेगळेपण माझ्या मते असं की त्यांनी कविता घेतली, तिला स्वतः चाल दिली, स्वतः गायली आणि हे सगळं तबकडीच्या मापात बसेल असं केलं. गाणं आधी आणि तबकडी नंतर, हा क्रम त्यांनी उलटा केला.

‘शीळ’ ही कविता ना. घ. देशपांड्यांची. तेही १९०९चेच, तेही वकील, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे. रानात घुमणारी शीळ आणि ती ऐकून वेळीअवेळी बोलावणाऱ्या प्रियकराला लटकं रागावणारी खेड्यातली मुलगी, असा साधा ऐवज. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जोशींच्या आवाजात त्याची तबकडी निघाली आणि कविता घरोघर गेली. आता गंमत बघा. ना. घं.चा ‘शीळ’ नावाचा संग्रह प्रसिद्ध झाला १९५४ साली. म्हणजे छापील पुस्तकाच्या जवळजवळ वीस वर्षं आधी ही कविता लोकांच्या कानात होती. पुढे १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार ना. घं.ना ‘खूणगाठी’साठी मिळाला, पण बहुतेकांच्या तोंडी त्यांचं नाव येतं ते ‘शीळ’मुळेच. छापखान्याच्या आधी तबकडीनं प्रसिद्ध केलेला कवी असं म्हटलं तरी चालेल.

आता तबकडी. दहा इंच व्यासाची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. तीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात हे सगळे सांगतात, पण का ते क्वचितच कुणी सांगतं. गणित पाटीवर करता येईल इतकं सोपं आहे. तबकडीवरची खाच ही एकच लांबलचक सर्पिल रेघ. इंचभर जागेत तिची साधारण ९५ ते १०० वळणं बसतात. त्याहून दाट कापली तर जाड पोलादी सुई शेजारच्या वळणात घुसेल. मधलं लेबल आणि कडेची कोरी जागा सोडली तर गाण्यासाठी उरतो साधारण अडीच-पावणेतीन इंचांचा पट्टा. म्हणजे अडीचशेच्या आसपास वळणं. मिनिटाला ७८ वळणं संपतात. अडीचशेला ७८नं भागा: सव्वातीन मिनिटांच्या जरा आतबाहेर. बस्स. रागाचा विस्तार असो, कीर्तन असो की प्रेमाची कविता, मिळणार एवढंच.

जोशींच्या आधी मराठी तबकड्यांवर नाट्यपदांचं राज्य होतं. ‘मानापमान’ १९११चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ‘स्वयंवर’ १९१६चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ती पदं रंगमंचासाठी रचलेली. तिथे ‘वन्स मोअर’ मिळाला की गायकाला घड्याळ बघायचं कारण नव्हतं. तेच पद तबकडीवर आलं की त्याला कात्री लागायची. ताना कमी, आलाप नावापुरता, लय थोडी चढी. मोठ्या कलाकारांनी त्या तीन मिनिटांत चमत्कार केले आहेत हे खरं, पण तो मोठा पाहुणा लहान खोलीत उतरवण्याचा प्रकार होता. भावगीताचं घरच लहान बांधलेलं.

कागदावर मांडून बघा. सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा पंधरा सेकंद. ध्रुपद दोनदा म्हणून वीस सेकंद. तीन कडवी, प्रत्येकी चाळीस सेकंद, म्हणजे एकशेवीस. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपदाकडे परत येताना दहा-दहा सेकंद, म्हणजे तीस. बेरीज १८५ सेकंद. तीन मिनिटं पाच सेकंद! हा हिशेब मी माझ्या सोयीनं मांडलाय, कुठल्या एका गाण्याचा नाही. पण ध्रुपद आणि तीन कडवी हा साचा आपल्याला इतका ‘नैसर्गिक’ का वाटतो, याचं एक उत्तर या बेरजेत आहे. चौथं कडवं घ्यायचं तर वाद्यं कापावी लागतात किंवा लय वाढवावी लागते. कवीची कविता लांब असेल तर कोणती कडवी ठेवायची हे संगीतकार ठरवतो आणि पुढे लोकांना तेवढीच पाठ होतात. संगीतकार असा नकळत संपादकही झाला.

दुसरा बदल आवाजातला आहे, आणि माझ्या दृष्टीनं तो जास्त मोठा.

फ्रेड गायसबर्गनं १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पडदा, पडद्याला जोडलेली सुई. गायकाच्या आवाजातली ताकदच सुई हलवायची आणि मेणात रेघ कापायची. वीज नाही, ॲम्प्लिफायर नाही. त्यामुळे गायक कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गायचे, आणि हळू गायलेला सूर मेणापर्यंत पोचतच नसे. वरच्या बाजूला दोन-अडीच हजार हर्ट्झच्या पलीकडचं जवळपास काही उमटत नसे. पुढे १९२५ साली पाश्चात्त्य कंपन्यांनी मायक्रोफोननं मुद्रण सुरू केलं, आणि विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात ते भारतात आलं. आता सुई हलवायला गायकाचे फुप्फुस नको, वीज होती. टिपली जाणारी कंप्रता पाच हजार हर्ट्झपर्यंत आणि त्याच्याही थोडी वर गेली.

याचा गायकीवर काय परिणाम? नाटकातल्या नटाला पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं असे. मायक्रोफोनपुढच्या गायकाला पोचायचं असतं हातभर अंतरावर. कानाशी बोलल्यासारखं गाता येतं, शब्दाच्या शेवटी श्वास सोडता येतो, ‘श’ आणि ‘स’ ऐकू येतात. कवितेच्या गाण्यात हेच तर हवं होतं. मुंबईत १९२७ साली रेडिओ सुरू झाला, १९३१ला ‘आलम आरा’, १९३२ला ‘अयोध्येचा राजा’, आणि त्याच चार-पाच वर्षांत भावगीताची तबकडी. ही सगळी एकाच मायक्रोफोनची भावंडं आहेत. तिशीत अचानक मराठी माणूस हळवा झाला आणि भावगीत जन्मलं, असं स्पष्टीकरण कुणी दिलं तर माझा त्यावर फारसा विश्वास बसत नाही.

‘शीळ’मध्ये बोलणारी मुलगी आहे आणि गाणारा पुरुष, शिकलेला, वकील. आजच्या श्रोत्याला हे चमत्कारिक वाटेल. तेव्हाच्या श्रोत्याला बालगंधर्वांची सवय होती, त्याला यात काही वावगं वाटलं नसणार. पण बालगंधर्व शालू नेसून उभे असत. जोशींना नेसायचं काहीच नव्हतं. तबकडीतून फक्त आवाज येतो, आणि तो मुलीचं सोंग घेत नाही. बाई होऊन गाणं आणि बाईची कविता गाणं यातला फरक तिथे पडला.

एक छोटी भौतिकशास्त्रीय गंमत सांगून पुढे जाते. माणसाची शीळ म्हणजे साधारण एक ते तीन हजार हर्ट्झमधला, जवळजवळ शुद्ध एकच सूर. खराबातल्या खराब ग्रामोफोननंही व्यवस्थित वाजवावा असा. ‘श’ या व्यंजनाची ताकद साधारण अडीच ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते, म्हणजे तोही विद्युतमुद्रणाच्या आवाक्यात. ‘स’ मात्र पाच हजारांच्या वर जातो आणि अर्धामुर्धा हरवतो. ‘शीळ’ हा शब्दच ७८च्या तबकडीला मानवणारा होता म्हणायचा.

आता पुन्हा पट्टीकडे.

तबकडी ज्या गतीनं कापली त्याच गतीनं वाजवली तरच मूळ सूर मिळतो. ‘७८’ हा आकडा आपण धर्मवचनासारखा घेतो, पण सुरुवातीच्या काळात ७० ते ८०च्या दरम्यान वाटेल त्या गतीनं तबकड्या कापल्या जात. तिशीपर्यंत बरीच शिस्त आली होती, तरी एखाद-दोन फेऱ्यांचा फरक अशक्य नव्हता. एक स्वरांतर, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, कंप्रतेत सुमारे सहा टक्क्यांचं असतं. समजा तबकडी ७६नं कापली आणि आपण ७८नं वाजवली. गती वाढली २.६ टक्के. सूर चढला साधारण अर्ध्या पट्टीनं. म्हणजे बरोबर दोन पट्ट्यांच्या मध्ये! ७४नं कापलेली ७८नं वाजवली तर जवळजवळ पूर्ण एक पट्टी. आणि नुसता सूर चढत नाही, लयही तितकीच वाढते, आणि गायक वयानं लहान वाटायला लागतो.

हा शेवटचा मुद्दा जरा समजावून सांगते, कारण शोधाचं एक हत्यार त्यात आहे. माणूस वरच्या पट्टीत गायला लागला तर स्वरतंतू वेगानं कंप पावतात, पण घसा आणि तोंड यांची पोकळी तेवढीच राहते. ‘आ’ हा ‘आ’ म्हणून ओळखू येतो तो या पोकळीच्या ठरावीक अनुनादांमुळे. तबकडीची गती वाढवली की मात्र सूर आणि हे अनुनाद दोन्ही एकाच प्रमाणात वर सरकतात. जणू गायकाचं तोंडच आक्रसलं. कार्टूनमधल्या खारीचा आवाज असाच बनवतात. त्यामुळे एकाच गायकाच्या बऱ्याच मुद्रणांतले ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ मोजून ठेवले तर एखादं मुद्रण गतीमुळे चढलंय की गायकच चढ्या पट्टीत गायलाय, याचा अंदाज करता येतो. अंदाजच, कारण दोन-तीन टक्क्यांचा फरक पकडायला भरपूर नमुने लागतात.

दुसरं हत्यार अगदी घरगुती: पेटी. मागे पेटी वाजत असेल तर तिच्या पत्त्या गायकाच्या मूडनुसार चढत-उतरत नाहीत. पेटीचे सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये पडताहेत असं दिसलं तर गतीवर संशय घ्यायचा आणि सगळ्यात जवळच्या पट्टीवर आणून बघायचं. पण पेटीलाही फार डोक्यावर बसवू नये. तेव्हा परदेशी बनावटीच्या पत्त्या वापरात होत्या आणि मूळ ‘ए’ सगळीकडे आजच्यासारखा ४४० हर्ट्झचा नव्हता. म्हणून पेटी, स्वरांचे अनुनाद आणि त्याच सुमाराला मुद्रित झालेल्या इतर तबकड्या, असे तीन साक्षीदार उभे करायचे आणि तिघांची जबानी जुळते का ते पाहायचं.

यात एक सुंदर उदाहरण जोशींच्याच तबकड्यांमध्ये आहे. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावानं निघाल्या, आणि त्या काळात जोशींबरोबर त्यांनी मराठी द्वंद्वगीत गायलं आहे. आपल्याला माहीत असलेला गंगूबाईंचा आवाज भारदस्त, खर्जातला. त्या जुन्या तबकडीतला आवाज मात्र पातळ आणि उंच. पहिल्यांदा ऐकणारा म्हणतो, गती चुकली. पण गती चुकली असती तर जोशींचाही आवाज तितकाच चढला असता! एकाच खाचेत दोघांचे आवाज आहेत, दोघांना वेगळी गती लावता येत नाही. शिवाय असा फरक पडायला गती एखाद-दोन फेऱ्यांनी नाही, कितीतरी जास्त चुकायला हवी. खरं कारण वेगळं आहे: पुढे टॉन्सिलच्या उपचारांनंतर गंगूबाईंचा आवाजच बदलला. द्वंद्वगीतातला दुसरा गायक इथे मोजपट्टीचं काम करतो.

गतीपेक्षाही चोरट्या पावलांनी येणारी भानगड म्हणजे मधलं भोक. ते नेमकं केंद्रात नसेल तर तबकडी किंचित लंगडत फिरते आणि प्रत्येक फेरीत सूर एकदा चढतो, एकदा उतरतो. किती? समजा भोक अर्धाच मिलिमीटर सरकलंय. खाच केंद्रापासून ६० मिलिमीटरवर आहे तिथे, म्हणजे गाण्याच्या उत्तरार्धात, गतीत सुमारे ०.८ टक्के कमी-जास्त होतं. संगीताच्या मापात बोलायचं तर वर १४ सेंट, खाली १४ सेंट, एकूण २८ (एका पट्टीचे १०० सेंट धरतात). आपल्याकडे ज्या प्रमाण श्रुतीवर पिढ्यान् पिढ्या वाद चाललेत, ती सुमारे २२ सेंटची. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं सरकलेलं भोक एका श्रुतीपेक्षा मोठा झोका देऊ शकतं. जुन्या तबकड्यांवरून ‘अमुक गायक अमुक श्रुती लावत’ असं ठासून सांगणारं काही वाचलं की मी आधी बघते, त्यांनी भोक तपासलंय का.

सुदैवानं ही लबाडी पकडता येते. ७८ फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला १.३. भोकामुळे येणारा झोका बरोबर या ठोक्यानं येतो, गाणं संथ असो की द्रुत, सूर लांब असो की आखूड. गायकाचं आंदोलन इतकं शिस्तीचं नसतं. सूराचा आलेख काढायचा, त्यात १.३ हर्ट्झची लाट शोधायची आणि ती वजा करायची. मी ध्वनीच्या सिग्नलवर काम करते त्यामुळे मला हे रोजचंच, पण पहिल्यांदा आलेखात ती लाट दिसते तेव्हा खरंच मजा येते. तबकडी मुद्रणावर स्वतःच्या पावलांचे ठसे सोडून गेलेली असते.

आणखी एक गोष्ट ऐकताना लक्षात ठेवा. शेवटचं कडवं जरा दबकं ऐकू येतं, त्यात गायकाचा दोष नाही. तबकडी एकाच गतीनं फिरते, पण बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ९८ सेंटिमीटर सरकते आणि आतल्या टोकाला ४१च्या आसपास. तोच सूर आतल्या बाजूला निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. बारीक लाटांमध्ये जाड सुई उतरत नाही, आणि वरच्या कंप्रता हरवतात.

जोशींची कारकीर्द इथे थांबत नाही. १९३८ साली ते एचएमव्हीच्या मुंबई शाखेत नोकरीला लागले आणि काचेच्या पलीकडे गेले. म्हणजे आता गाणारे दुसरे आणि ‘सुरू करा’ म्हणणारे ते. तेव्हाचं मुद्रण म्हणजे केवढा ताण! गरम केलेल्या मेणाच्या जाड चकतीवर थेट कापायचं. जोडकाम नाही, पुसणं नाही. तिसऱ्या मिनिटाला तबलजीचा ठेका हुकला की ती चकती बाद, पुन्हा पहिल्यापासून. मेण वाजवून पाहिलं तर खाच खराब होते, म्हणून चांगलं झालंय की नाही हेही कानावर आणि अनुभवावर ठरवायचं. मग ती मेणं कलकत्त्याच्या डमडम कारखान्यात जायची, त्यांच्यावर धातूचा थर चढवून साचे व्हायचे आणि साच्यांतून तबकड्या. पन्नाशीच्या दशकात चुंबकीय फीत रुळली तेव्हा कुठे हा ताण सैल झाला.

या खुर्चीत त्यांनी काय काय मुद्रित केलं याची यादी मी देत बसत नाही. बडे गुलाम अली खाँ आणि द. वि. पलुसकर ही दोन नावं पुरेत. त्यांच्या आठवणी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात आहेत, आणि इंग्रजीत १९८४ साली ‘डाउन मेलडी लेन’ आलं. मला स्वतःला जास्त लक्षणीय वाटतं ते वेगळंच. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’वर, म्हणजे शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांच्या त्या गाजलेल्या एलपीवर, निर्माता म्हणून जी. एन. जोशींचं नाव आहे. एलपी म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे, बारीक खाच, एका बाजूला वीसेक मिनिटं. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस त्यात वाद्यांनी सांगितलाय. सव्वातीन मिनिटांत कविता बसवणाऱ्या माणसाला चाळीस मिनिटं मिळाली तेव्हा त्यानं काय केलं, याचं उत्तर त्या तबकडीत आहे. माध्यम बदललं तसा गाण्याचा आराखडा बदलायचा, ही त्यांची जुनीच युक्ती.

आता पोटमाळा. संगमेश्वरच्या जुन्या घरांत अजूनही कधीतरी कुत्र्याच्या छापाच्या तबकड्या निघतात. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे, त्यामुळे गावात दिवे येण्याच्या कितीतरी आधी मुंबईचा चाकरमानी तो घेऊन येऊ शकत होता. ग्रामोफोन बहुधा भंगारात गेलेला असतो. तबकड्या मात्र ‘असू देत’ म्हणून राहतात, बहुधा एकावर एक रचलेल्या, वर तांब्याची घंगाळी.

या तबकड्या शेलॅकच्या. शेलॅक म्हणजे लाख, आपल्या कोशिंबाच्या आणि पळसाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. त्यात दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू मिसळून तबकडी दाबत. म्हणजे तबकडीचा काही भाग सेंद्रिय, बुरशीला खायला योग्य. शास्त्री आणि सोनवीच्या संगमावर, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि श्रावणात कपाटातल्या चपलांनाही पांढरी लव येते, तिथे तबकडी कशी सुटेल? दमटपणानं लाख हळूहळू ठिसूळ होते, बुरशी खाच कुरतडते, आणि सुईला तिथे खरखर ऐकू येते.

आणि इथेच एक घोडचूक होते. बुरशी दिसली की लोक स्पिरिट किंवा सॅनिटायझर घेऊन पुसतात. करोनाच्या वर्षांपासून तर घरोघर बाटली हाताशीच. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणारा सुतार लाख कशात कालवतो ते आठवा: स्पिरिटमध्येच. एका फडक्यात सव्वातीन मिनिटं साफ होतात, आणि वरून तबकडी छान चमकते. विनाइलच्या एलपीला जे चालतं ते इथे चालत नाही.

मग काय करायचं? मऊ ब्रशनं कोरडी धूळ आणि बुरशी झाडा, नाकाला रुमाल बांधून. अगदीच मळलेली असेल तर शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, खाचेच्या दिशेनं हलकं पुसणं, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच टिपून सावलीत सुकवणं. उन्हात ठेवलीत तर वाकेल. नंतर कागदी पाकिटात घालून उभी ठेवा, पुस्तकांसारखी. आडव्या गठ्ठ्यात खालची तबकडी वरच्यांच्या वजनानं कधीतरी तडकतेच.

वाजवायची असेल तर एलपीची सुई लावू नका. एलपीची सुई सुमारे १८ ते २५ मायक्रॉन जाडीच्या टोकाची, ७८ची खाच मागते ६५ ते ७५ मायक्रॉन. बारीक सुई खाचेच्या तळाशी, जिथे सगळी घाण साठलेली असते, तिथे घासत जाते. ७८चं यंत्र नसेल तर ४५वर मुद्रित करून संगणकात गती वाढवता येते, गुणोत्तर १.७३३. फक्त तो आकडा नीट टाका, नाहीतर पट्टीचा घोळ तुम्हीही वाढवाल. आणि मूळ प्रत खरखरीसकट ठेवा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जास्त जोरात चालवलं की खरखरीबरोबर ‘श’ आणि ‘स’ही जातात, कारण गणिताच्या नजरेत दोन्ही गोंगाटच. साफ केलेली प्रत दुसऱ्या फाइलमध्ये करा. त्यातून सुधारलेली तंत्रं येतील तेव्हा मूळ प्रतच कामाला येईल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आकडे उतरवा. लेबलवरचा क्रमांक (तिशीतल्या एचएमव्हीच्या बऱ्याच भारतीय तबकड्यांवर तो ‘एन’ या अक्षरानं सुरू होतो) आणि लेबलभोवतीच्या कोऱ्या, गुळगुळीत भागात कोरलेला बारीक क्रमांक, असे दोन्ही. पहिला विक्रीचा, दुसरा मुद्रणाचा. एकाच बैठकीतल्या तबकड्यांचे मुद्रणक्रमांक सहसा एकापाठोपाठ असतात, त्यामुळे गतीचे ते तिसरे साक्षीदार शोधायला हाच आकडा उपयोगी पडतो. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या सुरेश चांदवणकरांसारख्या लोकांनी अशा आकड्यांतूनच मराठी तबकड्यांचा इतिहास जुळवत आणला आहे. फोटो काढताना उजेड तिरका पडू द्या, कोरलेले आकडे तेव्हाच दिसतात. तबकडी तुटलेली असली तरी टाकू नका, आकडे तुटक्या तुकड्यावरही वाचता येतात.